शेषराव बत्तीवाला आणि टेकाडाची पाळी

हिवराळीत दिवेलागणीला दोन माणसांची वाट पाहिली जायची. एक मारुतीचा पुजारी आणि दुसरा शेषराव बत्तीवाला. पुजाऱ्याला उशीर झाला तरी चालायचं, देव काही उठून जात नव्हता. पण शेषरावला उशीर झाला तर लग्नाची वरात अडायची, भजन अडायचं, आणि नाटक तर सुरूच होत नसे.

बीबी या गावावरून आत कच्च्या रस्त्याला वळलं की हे गाव लागे. ज्वारी, कापूस, विहिरीच्या कडेकडेने थोडी वांगी-मिरची. खाली गाव, मध्ये चावडी, आणि उत्तरेला मुरमाचं टेकाड, त्यावर रोजमजुरी करणाऱ्यांची वस्ती. संध्याकाळ झाली की सगळं एकसारखं काळं व्हायचं, आणि त्या काळोखात शेषरावचा प्रवेश व्हायचा. प्रवेशच म्हणायचा तो! कोपऱ्यात उकिडवा बसून तो गॅसबत्तीच्या वाटीत स्पिरिट ओतायचा. निळी ज्योत नाचायची. मग दोन्ही पाय रोवून तो हवा भरायला लागे, बत्ती सूं सूं करायला लागे, आणि एका क्षणी ती पांढरी जाळी अशी फुलून यायची की समोर बसलेल्या माणसांचे चेहरे एकदम अंधारातून वर यायचे. सगळ्यांचे हात आपोआप जोडले जायचे. शेषरावही जोडायचा. रोज स्वतःच्या हाताने पेटवायचा आणि रोज नव्याने नमस्कार करायचा.

चैत्रात मारुतीच्या जत्रेला गावकऱ्यांचं नाटक होई. गावच्या मास्तरांनी लिहिलेलं, राजा-राणीचं. राजा म्हणजे अर्जुनराव पाटील, गावचे सरपंच आणि नाटकाचे मालकही तेच. रुंद छाती, गरगरीत आवाज, आणि आपल्या वाक्यांची नक्कल कधी पाठ नाही. आठवलं नाही की स्वतःच्या पदरचं बोलायचे, आणि ते मास्तरांच्या लिहिण्यापेक्षा बरं असायचं. त्या नाटकात पहिला नारळ फुटायचा तो देवापुढे नाही, बत्तीपुढे. नारळाची एक कवड मालकाने आपल्या हाताने शेषरावला द्यायची, आणि जिच्यापुढे नारळ फुटला ती बत्ती नाटक संपेपर्यंत विझवायची नाही. असा हिवराळीचा रिवाज होता. तिसऱ्या अंकात राजाला वेड लागायचं, तेव्हा विंगेतला शेषराव बत्तीची हवा हलकेच सोडून द्यायचा. उजेड पिवळा पडत जायचा, राजा गुडघ्यावर यायचा, आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. लोक म्हणत, पाटील एकटे रडत नाहीत, शेषरावची बत्तीपण रडते.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी नवी होती, आणि नव्या सुनेसारखी घरोघर जाऊन विचारपूस करत होती. कुठे शाळेची खोली, कुठे रस्ता. हिवराळीच्या वाट्याला मेहकरच्या बाजूने विजेचे खांब आले. चावडीवर पहिला दिवा लागला तेव्हा सगळ्या गावाने हात जोडले. तो दिवा जाऊन परत आला, गावाने परत हात जोडले. पहिल्या संध्याकाळी तो इतक्या वेळा गेला-आला की शेवटी एका म्हाताऱ्याने हात खाली घेणंच सोडून दिलं. शेषरावनेही मनापासून नमस्कार केला.

घरी आल्यावर मनकर्णाबाई, त्याची बायको, म्हणाली, "ज्यानं आपल्या पोटावर पाय देल्ला, त्यालेच हात जोडून आले काय?"

"उजेडाले जोडले," शेषराव म्हणाला. "त्याच्यात त्याचा काय दोष?"

पण दोन लग्नसराया गेल्या आणि बत्त्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेल्या. त्यांच्या काचा शेगावहून, जपून, मांडीवर धरून आणलेल्या. मनकर्णाबाई दर आठवड्याला त्या राखेने पुसायची. आता पुसायचंही कारण उरलं नाही. शेषराव दिवेलागणीला ओट्यावर बसून हातांकडे पाहत राहायचा.

त्यातच नळयोजना आली. जिल्हा परिषदेने पैसा दिला, गावाने वर्गणी काढली, आणि टेकाडाकडे वर्गणीला काही नव्हतं म्हणून टेकाडाने पाइपाची चारी खोदून दिली. बाया-माणसं सगळी उतरली. गोजरबाई नावाची एक उंच, हडकुळी बाई होती, तिने तर कुदळीचा असा सपाटा लावला की मुकादम बाजूला झाला. चावडीमागची जुनी विहीर बांधून काढली, तिच्यावर स्लॅब टाकला, रहाट काढले आणि त्या जागी मोटार बसवली. पण सरकारची एक अट होती. मोटार शिकलेल्या माणसाच्याच हाती द्यायची. खामगावला सरकारने वायरमनचा वर्ग काढला होता, तिथे गावाने आपल्या खर्चाने एक माणूस पाठवायचा.

ग्रामसभेत पोरांची नावं निघाली. अर्जुनराव पाटील उठले, मिशीवरून हात फिरवला आणि राजाच्या आवाजात म्हणाले, "पोट्टे शिकतीन अन् भुसावळले पळतीन. या गावाचा उजेड आजवर ज्यानं सांभाळला, त्यालेच पाठवा."

शेषराव चाळिशीला आलेला. रात्रभर तो नाही नाही म्हणत होता. मनकर्णाबाईने सकाळी भाकरी बांधून हातात दिली. "बत्तीतला काय अन् तारेतला काय, उजेड तं उजेडच हाये. जा."

खामगावला वर्गातली पोरं त्याला आबा म्हणायची. पहिल्या दिवशी भिंतीवरचा बल्ब मंद झाला, तर शेषरावचा हात सवयीने हवा भरायला खाली गेला. सगळा वर्ग हसला. तोही हसला, पण रात्री खाटेवर पडल्यावर त्याला रडू आलं. शिकणं त्याला जड गेलं. आकडे राहत नसत, तारांचे रंग उलटसुलट होत. एक गोष्ट मात्र पक्की बसली. शिकवणारे मास्तर फ्यूज हातात धरून म्हणाले होते, "ही तार मुद्दाम कमजोर ठेवतात. भार वाढला की ही जळते, म्हणून बाकी सगळं वाचतं. इथे कुणी जाड तार घालायला सांगितलं तर समजा, तो तुमचं घर जाळायला सांगतोय."

परत आला तेव्हा गावाने मोटारीची पूजा केली आणि पंपघराची किल्ली त्याच्या हातात दिली. पितळी कुलूप होतं, किल्ली बोटभर लांब. गर्दीच्या कडेला गोजरबाई उभी होती.

"भाऊजी, आमच्या टेकाडावर चढन काय पानी?"

टेकाड टाकीपेक्षा उंच. टाकीतलं पाणी उतारानं खालच्या गावात जाई, टेकाडावर मात्र ते थेट मोटारीनेच चढवावं लागणार होतं. शेषरावने किल्ली कमरेला खोवली आणि सगळ्यांसमोर बोलून गेला, "बाई, ही किल्ली माह्यापाशी हाये तोवर टेकाडाची पाळी चुकनार नाही."

सुरुवातीला खालच्या गावाने नळ बंदच केले नाहीत. वाहतं पाणी ते चांगलं, कोंडलं की नासतं, हे पिढ्यान् पिढ्या शिकलेलं. मग नळ बंद कसा करायचा? पाणी चोवीस तास गटारीत वाहायचं आणि टाकी कोरडी. शेषराव गल्लीगल्लीतून तोट्या पिळत फिरायचा.

"काऊन बंद केला बे?" एक म्हातारी ओरडली. "आतमदी सडन ना ते!"

"आजी, तुमच्या रांजनातलं सडते काय?"

"रांजनाले झाकन असते!"

"मंग तोटी म्हंजे झाकनच समजा."

म्हातारीला ते पटलं, आणि तिच्याकडून गावाला पटलं. हळूहळू रीत बसली. वीज यायची सकाळी थोडा वेळ आणि मग दिवस मावळताना, रात्रीपुरती. सकाळी टाकी भरायची, ती खालच्या गावाची. संध्याकाळी मोटार फक्त टेकाडाची. पंपघराबाहेर शेषरावने रुळाचा एक तुकडा टांगला होता. संध्याकाळी तो त्यावर लोखंडी कांब हाणायचा, ठण्ण ठण्ण ठण्ण, आणि वरून हंड्या-कळशांचा आवाज उत्तर द्यायचा. पूर्वी लोक त्याच्या बत्तीची वाट बघायचे, आता त्या ठोक्यांची. ओट्यावर बसायला त्याला वेळच उरला नाही.

आणि मग ती जत्रा आली.

त्या वर्षी अर्जुनराव पाटलांनी नाटक विजेवर करायचं ठरवलं. मेहकरहून मोठे दिवे आणले, लाल-हिरवे बल्ब आणले, कर्णा आणला, आणि स्टेजची तार पंपघरातल्या बटणावरून ओढली. मेहकरचे एक साहेब पाहुणे म्हणून येणार होते. त्यांना लवकर परतायचं होतं, म्हणून नाटक दिवेलागणीलाच उभं राहणार होतं. आदल्या संध्याकाळी तालीम झाली. इकडे मोटार चालू, तिकडे स्टेजवरचे दिवे लागले, आणि सगळे दिवे पिकल्या बोरासारखे लाल झाले. मग फाट्कन आवाज, आणि अंधार. फ्यूज गेला. तो बसवेपर्यंत वीजच गेली, ती त्या रात्री आलीच नाही. टेकाडाची त्या दिवशीची पाळी बुडाली. गावाला वीज वाटणारी डीपी लहान होती. नाटक आणि मोटार, दोघांना एकाच वेळी ती पोसू शकत नव्हती.

जत्रेच्या दिवशी दुपारी पाटील पंपघराशी आले. चेहऱ्याला रंग लागलेला, अंगात अजून बंडीच.

"शेषराव, आज मोटार नाही. आधी उजेड, मंग पानी."

"पाटील, कालबी टेकाडाची पाळी गेली."

"येका दिवसानं कोनी मरते काय बे?"

"घरोघरी पाव्हने हायेत त्यायच्या. विहिरीवर स्लॅब हाये. रहाट बी आपनच काढले. भरतीन कोठून?"

पाटलांनी स्लॅबकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मंग फ्यूजमदी जाड तार घाल. दोनी चालू दे."

"डीपी जळन. मंग नाटक बी गेलं, पानी बी गेलं, अन् गाव महिनाभर अंधारात."

"नाटक सुटल्यावर सोड पानी."

"आपलं नाटक कोंबडं आरवल्यावर सुटते, पाटील."

पाटलांचा रंगवलेला चेहरा ताठ झाला. "तुले गावानं शिकवलं शेषराव. माह्या शब्दावर शिकवलं. आज मोटार चालू झाली, तं उद्या ती किल्ली तुह्यापाशी राहनार नाही. सांगून ठेवतो."

शेषरावने कमरेची किल्ली चाचपली. खोटं काहीच नव्हतं त्यात. याच माणसाने सभेत उठून त्याचं नाव घेतलं होतं.

तो घरी आला तर ओट्यावर गोजरबाई बसलेली. शेजारी हंडा, रिकामा, म्हणून त्यावर पदराचं टोक टाकलेलं. रिकामं भांडं उघडं घेऊन कुणाच्या दारी जाऊ नये, एवढं भान तहानेतही होतं.

"भाऊजी, माही लेक आली, जावई आला. पाय धुवाले गडूभर पानी नाही. जावायाले शेजारच्या हिश्श्याचं पाजलं." तिने घसा खाकरला. "चारी खंदली तवा टेकाड गावात होतं. आता नाटक आलं, तं टेकाड गावाबाहेर गेलं काय?"

ती उत्तराची वाट न पाहता उठून गेली. शेषराव भिंतीला टेकून बसला.

"काऊन तोंड पाडलं?" मनकर्णाबाईने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"किल्ली गेली तं खावाव काय आपन?" ती म्हणाली. "बत्त्यायले तं आता कुत्रं इचारत नाही."

"हाव."

"मी काही सांगत नाही बाप्पा. तुमच्या मनानं करा."

आणि ती उठली, शिडी लावली, माळ्यावर चढली. वरून धूळ पडली, मग एक पोतं सरकलं. थोड्या वेळाने चुलीजवळ राख घेऊन ती काचा पुसत बसली होती, तोंड वळवून, जणू हे काम रोजचंच आहे.

दिवस कलला. मारुतीच्या पारापुढे माणूस माणसाला लागून बसलेलं. साहेब खुर्चीवर. पडद्यावर लाल-हिरवे बल्ब झगमगत होते आणि पोरं त्यांच्याकडे तोंड उघडून पाहत होती. वीज येऊन जेमतेम पान खाण्याइतका वेळ झाला असेल, तोच सगळे बल्ब विझले. स्टेज काळं. आणि त्या काळोखात, चावडीमागून, ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

सगळ्यांची तोंडं चावडीकडे वळली. मग टेकाडावरून हंड्यांचा खळखळाट.

पंपघराकडे जो माणूस धावत आला, त्याच्या डोक्यावर मुगुट होता, कमरेला लाकडी तलवार, आणि एका बाजूची मिशी घामाने सुटलेली. शेषराव दाराला कुलूप लावत होता. आत मोटार घुमत होती. पायाशी चार बत्त्या ओळीने मांडलेल्या, मनकर्णाबाई वाट्यांत स्पिरिट ओतत होती.

"शेषराव! साहेबासमोर माही अब्रू घेतली बे तू!"

"अब्रू नाही पाटील, उजेड आनला." त्याने कुलूप ओढून पाहिलं. "चार बत्त्या हायेत. इतकी वर्सं तुमचा मुगुट यायच्यातच चमकला."

"अन् माहा शब्द?"

"तुमचा बी शब्द हाये अन् माहा बी हाये. तुमी म्हनलं, गावानं शिकवलं. टेकाड बी गावच हाये, पाटील." त्याने किल्ली काढली आणि राजाच्या तळहातावर ठेवली. "घ्या. मोटार आत चालू हाये. बंद करन्यासारखी वाटली, तं कुलूप उघडा अन् बंद करा. मी अडवत नाही."

अर्जुनराव किल्ली घेऊन उभे राहिले. दार हातभर अंतरावर होतं. वर, टेकाडाच्या कडेला, मावळत्या उजेडात बायांची रांग दिसत होती, डोक्यावर डोकं लावल्यासारखे हंडे. कुणाच्या तरी भांड्यात पहिली धार पडली, आणि तो आवाज खालपर्यंत आला. अर्जुनराव तिकडे पाहत राहिले. मग त्यांनी किल्ली कमरपट्ट्यात खोवली, मिशी दाबून बसवली आणि परत फिरले.

शेषराव पहिली बत्ती घेऊन गर्दीतून निघाला तेव्हा कुणीतरी अंधारात म्हणालं, "आली रे, आली!" आणि माणसं बाजूला सरकत गेली. तो जिथून जाई तिथले चेहरे वर येत, हात जोडले जात. विजेच्या दिव्यांना नमस्कार करणं लोक वर्षभरापूर्वीच विसरले होते. त्या संध्याकाळी ते सगळं हातांना आपसूक आठवलं. साहेबांनीही लोकांचं पाहून हात जोडले.

नारळ ताटात तयार होता. मालकाने तो फोडायचाच होता, राग असो की लोभ. अर्जुनरावांनी तो बत्तीपुढे फोडला आणि एक कवड शेषरावसमोर धरली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पहिला अंक चांगला गेला. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला टेकाडाची माणसं येऊ लागली, बायांच्या लुगड्यांचे काठ ओले, लेकरं काखेत. बसलेल्यांनी जरा जरा सरकून त्यांना जागा दिली. गोजरबाई मात्र बसली नाही. ती विंगेशी आली.

"भाऊजी, भरले सगळ्यायचे. आता नुसतं वाहून राह्यलं. बंद करा."

शेषरावचा हात कमरेला गेला आणि तिथेच थांबला. किल्ली राजाच्या कमरेला होती आणि राजा स्टेजवर, भर दरबारात, मोठं भाषण करत होता. पाणी मुरमातून खाली वाहत होतं. वाहून जाणारं पाणी त्याला कधी सोसलं नव्हतं. तो विंगेतून कुजबुजला, "पाटील. किल्ली."

राजा बोलतच राहिला.

"पाटील, किल्ली! पानी वाया जाऊन राह्यलं!"

एवढ्या मोठ्याने की पहिल्या दोन ओळींनी ऐकलं. अर्जुनराव थांबले. नक्कल आधीच अर्धी विसरलेली. त्यांनी विंगेकडे पाहिलं, कमरपट्ट्यात हात घातला, आणि तो गरगरीत आवाज कर्ण्याशिवाय शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"प्रधानजी! आम्ही राजे खरे, पण रागाच्या भरात राज्याची किल्ली आमच्या कमरेला राहिली. रयतेच्या घरी पाणी कुणी पोचवायचं, हे आम्हाला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ही घ्या. आणि पुन्हा ती आमच्या हाती देऊ नका!"

किल्ली बत्तीच्या उजेडात चमकत विंगेत आली. शेषरावने ती दोन्ही हातांच्या ओंजळीत झेलली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर विंगेत नक्कल चाळत होते, हे वाक्य कुठलं म्हणून.

तो धावत गेला, मोटार बंद केली, स्टेजच्या तारेचं बटण वर केलं. पारापुढे लख्ख उजेड पडला, लाल, हिरवा, पांढरा. लोक ओरडले. शेषराव पंपघराच्या दारात उभा राहून पाहत होता. त्या झगझगाटात त्याच्या बत्त्या फिक्या दिसत होत्या, दिवसा लावलेल्या दिव्यांसारख्या. पण रिवाज होता. नारळ फुटलेली बत्ती मध्ये विझवायची नाही. मनकर्णाबाई विंगेत बसून तिला हवा भरत होती, आणि तिच्याशेजारी मोकळ्या हातांनी गोजरबाई.

पुढे डीपी मोठी झाली, टेकाडावर टाकी झाली, पाळीची गरजच राहिली नाही. शेषराव गेला, पाटीलही गेले. हिवराळीचं नाटकही आता होत नाही. पण होत होतं तोवर, पहिला अंक बत्तीवरच व्हायचा. टेकाडाची माणसं आली की वीज. आणि दर वर्षी दुसऱ्या अंकात, मास्तरांनी कधीच न लिहिलेल्या जागी, राजा कमरेला हात घालून किल्ली काढायचा. ती खरी किल्ली असायची. शेषराव मोटार सुरू करून आला की ती पाटलांच्या कमरपट्ट्यात खोवून ठेवायचा, झेलता यावी म्हणून.